डोंगरउतारावर प्लॉट घेतलाय? जेसीबी बोलवायच्या आधी पाण्याची वाट बघा

आमचा अकरा गुंठ्यांचा तुकडा मुळशी तालुक्यात आहे, डोंगराच्या पायथ्याला, समोर भातखाचरं, मागे करवंदीच्या जाळ्या. घेतला तेव्हा डोक्यात एकच होतं की आधी सपाट करून घेऊ, काय बांधायचं ते नंतर बघू. एप्रिलमध्ये जेसीबी आला, दोन दिवसांत मैदान तयार, फोटो काढले, फॅमिली ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी अंगठे दिले. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात त्या मैदानाची खालची कड फुटली आणि सगळा मुरूम खालच्या शेजाऱ्यांच्या नुकत्याच लावलेल्या भातावर जाऊन बसला. शेजारी म्हणजे मामा, गावात सगळेच त्यांना मामा म्हणतात. ते भांडले असते तर बरं झालं असतं. ते बांधावर उभे राहून एवढंच म्हणाले, "हितनं पाणी जातंय आमच्या आज्यापासनं. तुमी बुजिवलं, मग त्यानं जायाचं कुटं?"

त्यानंतर दोन वर्षं तहसील, भूमी अभिलेख, इंजिनिअर, मामा आणि स्वतःच्या चुका यांच्याकडून जे शिकलो ते इथे लिहितोय. पाच-दहा-वीस गुंठ्यांचा उताराचा प्लॉट पहिल्यांदाच घेणाऱ्यांसाठी आहे हे, मुळशी-मावळ-भोर असो नाहीतर कर्जत-महाड-संगमेश्वर. मोठ्या प्रोजेक्टवाल्यांकडे कन्सल्टंट असतात, त्यांनी नाही वाचलं तरी चालेल.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण माझा गोंधळ इथेच झाला. गोव्यात नगरनियोजन कायद्यात १७-अ नावाचं एक कलमच आहे, डोंगर कापायला आणि सखल जमीन भरायला परवानगीशिवाय बंदी, एका वाक्यात विषय संपतो. आपल्याकडे महाराष्ट्रात तसं नाही. माती कापण्याचा नियम एका पुस्तकात, ती वाहून नेण्याचा दुसऱ्यात, नाल्यापासून अंतर तिसऱ्यात, शेजाऱ्याच्या शेतात पाणी गेलं तर ते चौथ्यात. त्यामुळे "लेव्हलिंगची परवानगी कुठे मिळते" असं विचारत फिरलात तर प्रत्येक टेबलवर पुढचं टेबल दाखवतील. प्रश्न तुकड्यांत विचारायचा, म्हणजे उत्तरं मिळतात.

पहिलं काम: पावसात जाऊन या

प्लॉट डिसेंबरात दाखवतात, गवत सोनेरी, हवा गार, आणि पाणी नावालाही नाही. सौदा झाला असेल तरी एक पावसाळा थांबा, आणि झाला नसेल तर जुलैत छत्री घेऊन जा. जोरात पाऊस चालू असताना प्लॉटच्या वरच्या कडेला उभं राहायचं आणि बघायचं की पाणी कुठून आत येतंय, कुठून बाहेर पडतंय, कुठे साठतंय. उन्हाळ्यातच जावं लागलं तर खुणा शोधा. गवत एकाच दिशेला झोपलेलं, दगडगोटे धुऊन एका रेषेत बसलेले, बांधाला मध्येच खाच ठेवलेली. ती खाच म्हणजे सांडवा, जादा पाणी बाहेर जायला मुद्दाम ठेवलेली वाट. मला ती बांध फुटल्यासारखी वाटली होती आणि मी ती जेसीबीवाल्याला नीट भरून घ्यायला सांगितली! माझा भराव बरोबर तिथेच फुटला.

गुरं चारणारा माणूस भेटला तर त्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतं.

मग कागद. गावाचा नकाशा महाभूनकाशाच्या साईटवर बघता येतो, पण ओढे-नाले नीट कळायला भूमी अभिलेख ऑफिसातून नक्कल घेतलेली बरी. सातबाऱ्यावर पोटखराब असा कॉलम असतो, त्यात "अ" आणि "ब" असे दोन वर्ग. "अ" म्हणजे खडकाळ वगैरे, लागवडीला न येणारी. "ब" म्हणजे रस्ता, पाण्याचा प्रवाह अशा सार्वजनिक कारणासाठी राखलेली. तुमच्या सातबाऱ्यावर पोटखराब "ब" दिसत असेल तर बहुतेक वेळा त्यात एखादा ओढा किंवा पायवाट आहे असं समजा आणि ती नकाशावर शोधा. नदी, ओढे, नाले यांचं पात्र जमीन महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे सरकारचं असतं, ते तुमच्या कुंपणाच्या आत आलं म्हणून तुमचं होत नाही. इतर हक्काच्या रकान्यात खाजगी वनाचा शेरा आहे का तेही बघा, असला तर तिथेच थांबा आणि वकील गाठा. मशीन-बिशीन काहीच नाही तोपर्यंत.

आणि मोजणी. माती हलवायच्या आधी मोजणी, नंतर नाही. हद्दीचा बांध एकदा मशीनने सपाट झाला की तो कुठे होता हे तुम्हालाही सांगता येत नाही आणि शेजाऱ्यालाही, आणि बांध कोरला या एका वाक्यावर गावात तीन-तीन पिढ्या बोलत नाहीत एकमेकांशी. मोजणीची "क" प्रत, म्हणजे मोजणीचा अधिकृत नकाशा, हातात आल्यावर हद्दीच्या दगडांचे फोटो काढून ठेवा, मागे झाड किंवा घर दिसेल असे.

उतार मोजा, स्वतः

राज्यात डिसेंबर २०२० पासून एकत्रित विकास नियंत्रण आणि प्रोत्साहन नियमावली लागू आहे, सगळे तिला यूडीसीपीआर म्हणतात. मुंबई महापालिका आणि काही खास भाग सोडले तर जवळपास सगळीकडे हीच चालते. त्यात म्हटलंय की डोंगराळ जागेचा उतार १:५ पेक्षा जास्त असेल तर ती बांधकामाला चालत नाही. एकास पाच म्हणजे पाच मीटर आडवं गेल्यावर एक मीटर चढ, टक्क्यांत २०. ऐकायला फार वाटतं पण ११ अंशांच्या आसपासच येतो तो कोन, आणि डोळ्याला ११ अंश "थोडासा उतार आहे" एवढाच दिसतो. ब्रोकर तर म्हणतोच, हलका स्लोप आहे सर, व्ह्यू मिळतो.

मोजायला गवंड्याची लेव्हलची पारदर्शक नळी पुरते. पंधरा मीटर नळी घ्या, पाणी भरा, आतले बुडबुडे सगळे बाहेर काढा (हे नाही केलं तर सगळं चुकतं, आमचा पहिला आकडा असाच चुकला). दोन काठ्यांवर टेपने सेंटिमीटरच्या खुणा करा. एक काठी खाली, दुसरी वर, मध्ये दहा मीटर अंतर, पण टेप जमिनीला चिकटवून नाही, हवेत आडवा ताणून धरायचा. झाडीत दहा मीटर एकदम जमत नाही, मग दोन-दोन मीटरचे पाच टप्पे करा आणि बेरीज. समजा खालच्या काठीवर पाणी १८० सेंटिमीटरला आलं आणि वरच्या काठीवर ३० ला, तर फरक दीड मीटर. दहा मीटरला दीड मीटर, म्हणजे १५ टक्के, चालतंय. फरक दोन मीटरच्या पुढे गेला की तुम्ही १:५ च्या बाहेर. तीन-चार ठिकाणी मोजा, एकाच प्लॉटमध्ये खालचा भाग बसतो आणि वरचा बसत नाही असं सर्रास असतं. हा आकडा फक्त तुमच्या समाधानासाठी, फाईलला सर्व्हेअरचा कंटूर नकाशाच (जमिनीचा चढउतार रेषांनी दाखवणारा) लागतो.

यात एक लोचा असतो. काही ठिकाणी आधीच कापून सपाट केलेले प्लॉट विकायला ठेवतात, "रेडी लेव्हल्ड" म्हणून. सॅटेलाइटचे जुने फोटो आज कोणीही मागे जाऊन बघू शकतं, तुम्ही पण बघा, पाच-सात वर्षांपूर्वी तिथे काय होतं ते. तिथे झाडीचा उतार दिसत असेल तर तो कापायला परवानगी होती का हा प्रश्न उद्या तुमच्या नावाने विचारला जाणार.

परवानगी कोणाची

"एनए प्लॉट आहे, काही लागत नाही." हे वाक्य मी किमान चार लोकांकडून ऐकलंय. एनए म्हणजे जमिनीचा वापर बिगरशेती झाला, बस. तिथे काय खोदायचं, कुठे भरायचं, किती उंच बांधायचं याची परवानगी त्यात नसते.

एमआरटीपी, म्हणजे राज्याच्या प्रादेशिक आणि नगररचना कायद्यात, १९६६ चा तो, "विकास" या शब्दाची व्याख्या फार मोठी आहे, त्यात बांधकाम येतंच पण जमिनीत, जमिनीवर किंवा जमिनीखाली केलेलं इंजिनिअरिंगचं कामही येतं. शेतीला सूट आहे, कलम ४३ मध्ये, शेतीच्या नेहमीच्या कामासाठीची खोदाई, विहीर, आणि फक्त शेतीत जायला केलेला रस्ता यांना परवानगी लागत नाही. याचा गैरफायदा इतका घेतात की विचारू नका, शेताचा रस्ता म्हणून डोंगर कापायचा आणि वर गेट लावून सेकंड होमची स्कीम. तुम्ही खरंच खाचरं करणार असाल तर सूट तुमची आहे. फार्महाऊस बांधायचं असेल तर लेव्हलिंग हे त्या बांधकामाचाच भाग धरून नकाशात दाखवा, मूळ उतार, कापायचा भाग, भरायचा भाग, भिंती, पाण्याचे चर, सगळं. लायसन्स्ड इंजिनिअरला हे आग्रहाने सांगावं लागतं, नाहीतर तो प्लॉट पांढऱ्या सपाट कागदासारखा काढतो.

नकाशा कोणाकडे द्यायचा हे जागेवर ठरतं. पुण्याभोवती पीएमआरडीए (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण), इतर ग्रामीण भागात साधारण जिल्हाधिकारी आणि नगररचना विभाग, शहरात पालिका. ग्रामपंचायतीचा दाखला घ्या, सरपंचांशी संबंध चांगले ठेवा, ते कामाला येतात, पण त्या दाखल्याला बांधकाम परवानगी समजू नका. झोन दाखला आणि भाग नकाशा पहिल्या दिवशीच काढा. माथेरान आणि महाबळेश्वर-पाचगणी हे इको सेन्सिटिव्ह भाग आहेत, तिथले नियम वेगळे आणि जास्त कडक, तिथे हा लेख बाजूला ठेवून तिथलाच माणूस गाठा.

झाडं तोडायची असतील तर वेगळी परवानगी. ग्रामीण भागाला १९६४ चा झाडं तोडण्याचा कायदा आहे, शहरी भागाला १९७५ चा. आंबा, फणस, जांभूळ, हिरडा, साग, खैर ही सगळी यादीत आहेत. मशीनवाला "साहेब दोन मिनिटांत उपटून देतो" म्हणेल, त्याला दोन मिनिटं लागतात आणि तुम्हाला दोन वर्षं.

मुरूम कुणाचा?

प्लॉटवर निघालेला मुरूम आपलाच वाटतो. तो गौण खनिज आहे आणि त्यावर सरकारची रॉयल्टी असते.

दिलासा असा की २०१४ च्या डिसेंबरमध्ये पुण्याच्या बिल्डर संघटनेच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की पायासाठी काढलेली माती त्याच प्लॉटवर वापरली तर नुसतं खणलं म्हणून रॉयल्टी लावता येत नाही, ती माती कशाला वापरली ते बघावं लागतं. पुढच्याच वर्षी राज्याच्या गौण खनिज नियमांत तशी दुरुस्ती झाली. म्हणजे इथलं कापून इथेच भरलं तर रॉयल्टी नाही. पण एक डंपर गेटबाहेर गेला किंवा बाहेरून आत आला की चित्र बदलतं. बाहेर न्यायला तहसीलच्या गौण खनिज शाखेची परवानगी, रॉयल्टी आणि प्रत्येक खेपेला महाखनिज या सरकारी ऑनलाईन सिस्टीमवरचा वाहतूक पास. नसेल तर महसूल संहितेच्या कलम ४८(७) प्रमाणे बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड आणि ४८(८) मध्ये मशीन आणि गाडी जप्त. मशीनवाला तेव्हा फोन उचलत नाही, हे आमच्या शेजारच्या प्लॉटवर झालेलं बघितलंय.

बाहेरून भराव घेत असाल तर पासची प्रत मागा, "रात्री टाकून देतो, स्वस्त पडेल" वाल्याला नमस्कार करा. हिशोब ब्रासमध्ये चालतो, एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट जाड एवढं डोळ्यासमोर आणायचं. एका गुंठ्यावर (१०८९ चौरस फूट) एक फूट भराव टाकायचा म्हणजे जवळपास ११ ब्रास, आणि तो दाबल्यावर खाली बसतो म्हणून थोडा जास्तच लागतो. हा हिशोब कागदावर करून बघितला की "सगळा प्लॉट सपाट करून टाकू" हा उत्साह आपोआप कमी होतो.

आता कापायचं कसं

एक मोठं मैदान करू नका. हवं तेवढंच करा, घरापुरतं, गाडी वळण्यापुरतं, आणि बाकीचे दोन-तीन टप्पे. शेकडो वर्षं या पट्ट्यात खाचरं अशीच केलीत, अरुंद, उताराला आडवी, कुठेही दोन पुरुष उंचीची कटिंग नाही. जास्त पावसाच्या भागात टप्प्याचा हलका कल आत डोंगराकडे ठेवतात आणि आतल्या कडेला चर काढून पाणी बाजूला नेतात. कल बाहेर दिला तर सगळं पाणी भरावाच्या कडेवरून उडी मारतं आणि कड खातं. मी बाहेर दिला होता, छान निचरा होईल म्हणून.

वरची काळी माती, वीतभर जाडीची, आधी खरवडून बाजूला ढीग करून ठेवा आणि शेवटी परत पसरा. हे जेसीबीवाल्याला पहिल्या बादलीच्या आधी सांगायचं, नंतर सांगून उपयोग नाही, ती मुरमाखाली गाडली की तुमच्या प्लॉटवर दहा वर्षं काही उगवत नाही.

भराव थराथराने, एका वेळी वीत-दीड वीत, पाणी मारून, रोलर किंवा निदान मशीन वरून फिरवून दाबत. नुसता ढकललेला भराव पहिल्या पावसात खचतो, आणि घराचा पाया तर भरावावर नकोच, कापलेल्या पक्क्या भागावर घ्या. शेजाऱ्याच्या हद्दीला लागून सरळ कटिंग मारू नका. त्याच्या जमिनीला तुमच्या जमिनीचा जो नैसर्गिक आधार आहे तो त्याचा कायदेशीर हक्क आहे, १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातलं उदाहरण आहे ते. तुम्ही तुमच्या हद्दीतच कापलं आणि त्याचा बांध ढासळला तरी भरपाई तुम्हीच देणार.

वेळ: दिवाळीनंतर ते फार तर मेचा मध्य. मिरगाच्या आधी उघडी माती गवताखाली किंवा पालापाचोळ्याखाली गेली पाहिजे. जूनमध्ये मशीन चालू असलेला प्लॉट दिसला की मला आता पोटात गोळा येतो.

आणि रस्ता! माझ्या मते निम्मी धूप प्लॉटमधून नाही, प्लॉटकडे जाणाऱ्या कच्च्या रस्त्यावरून होते. चाकांच्या दोन चाकोऱ्या म्हणजे दोन तयार नाले. दर आठ-दहा मीटरवर रस्त्याला तिरका आडवा उंचवटा किंवा दगडी चर द्या, पाणी बाजूच्या झाडीत जाईल असा. गाडीला थोडे धक्के बसतात, बसू देत.

पाणी

आधी आकडा बघा. १०० मिलिमीटर पाऊस, जो घाटमाथ्यावर जुलैत अगदी नेहमीचा आहे, एका गुंठ्यावर साधारण दहा हजार लिटर टाकतो. म्हणजे एक टँकर. माझ्या अकरा गुंठ्यांवर एका दिवसात अकरा टँकर, आणि हे फक्त माझ्यावर पडलेलं, वरच्या डोंगरावरून येणारं वेगळंच. २२ जुलै २०२१ ला महाबळेश्वरला एका दिवसात ५९० मिलिमीटरच्या वर पाऊस झाला होता. त्या दिवशी प्रत्येक गुंठ्याला सहा टँकर. चार इंची पाईप टाकून "ड्रेनेजचं काम झालं" म्हणणाऱ्याला हे ऐकवा.

कायदा इथे दोन्ही बाजूंनी बोलतो. वरच्या जमिनीवर पडलेलं पाणी नैसर्गिकपणे खाली वाहून येत असेल तर खालच्याने ते येऊ द्यायचं, अडवायचं नाही, हेही त्याच १८८२ च्या कायद्यात. म्हणजे तुमच्या वरच्याचं पाणी तुम्ही भिंत घालून परत पाठवू शकत नाही. पण त्यात शब्द आहे "नैसर्गिकपणे". पसरून झिरपत जाणारं पाणी तुम्ही पाईपात गोळा करून एका जागी शेजाऱ्याच्या खाचरात सोडलं, तर ते नैसर्गिक राहत नाही. शेतजमिनीवरच्या पाण्याची वाट कोणी बेकायदा अडवली तर मामलतदार कोर्ट कायद्याच्या (१९०६) कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा करता येतो, सहा महिन्यांच्या आत करावा लागतो, आणि तहसीलदार तो अडथळा काढायला लावू शकतात. दिवाणी कोर्टापेक्षा ही वाट बरीच जवळची. मामांनी माझ्यावर हा दावा केला असता तर ते जिंकले असते, हे मला वकिलानेच सांगितलं, माझ्याच वकिलाने.

ओढ्या-नाल्याजवळ असाल तर यूडीसीपीआरप्रमाणे लहान प्रवाहापासून, म्हणजे नाला वगैरे, ९ मीटर आणि नदीसारख्या मोठ्या प्रवाहापासून १५ मीटर सोडायचे. नदीकाठी निळी (वरचेवर येणाऱ्या पुराची) आणि लाल (क्वचित येणाऱ्या मोठ्या पुराची) पूररेषा बघायची, निळीच्या आत बांधकाम नाही, निळी आणि लालच्या मध्ये अटींवर. ज्या सखल जागेत नाल्याला धड काठ नाहीत तिथे त्याला नीट आखून घ्यायची परवानगी मिळू शकते, पण तो आत येतो ती जागा आणि बाहेर जातो ती जागा बदलायची नाही. माझ्या मते हा सगळ्या नियमावलीतला सगळ्यात शहाणा नियम आहे आणि तो नाला नसलेल्या प्लॉटलाही लावावा. पाणी जिथून आत येत होतं तिथूनच येऊ द्या, जिथून बाहेर जात होतं तिथूनच जाऊ द्या, मध्ये त्याला फक्त हळू करा.

हळू करायचं ते असं. प्लॉटच्या वरच्या हद्दीच्या आत, उताराला आडवा एक चर, फूट-दीड फूट खोल, त्याला अगदी हलका ढाळ, शंभरात एक पुरे. जास्त ढाळ दिला तर चरच नाला होतो. काढलेली माती चराच्या खालच्या अंगाला. या चराने वरचं पाणी घराच्या बाजूने फिरवून सांडव्याकडे न्यायचं, वाटेत ठिकठिकाणी दगडांचे छोटे आडवे बांध, सिमेंट नको, नुसते रचलेले. सांडव्याच्या आधी एक गाळखड्डा, आमचा पाच बाय पाच फूट, चार फूट खोल, तिथे पाणी थांबतं, मुरूम खाली बसतो. सांडवा दगडी पिचिंगचा, खाली पाणी पडतं तिथे पण मोठे दगड. पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या कडेला पडू न देता पन्हळीतून याच चरात.

५०० चौरस मीटर आणि वरच्या प्लॉटला नव्या बांधकामात रेन वॉटर हार्वेस्टिंग सक्तीचं आहे. पाच गुंठे म्हणजे ५०६ चौरस मीटर, तेव्हा बहुतेक सगळे आलातच. पण डोंगरउतारावर मुरवण्याचा खड्डा कुठे घेताय ते इंजिनिअरला विचारून घ्या. घरामागच्या उभ्या कटिंगच्या डोक्यावर पाणी मुरवलं तर ते त्या कटिंगच्या पोटातूनच बाहेर येतं, कधी कधी कटिंगला घेऊन. टाकीत साठवा, मुरवायचं ते घराच्या खालच्या बाजूला.

भिंत

रिटेनिंग वॉल मातीमुळे जेवढी पडते त्याहून जास्त मागे तुंबलेल्या पाण्यामुळे पडते. २९ जून २०१९ ला पुण्यात कोंढव्याला पावसात भिंत कोसळून मजुरांच्या झोपड्यांवर पडली, १५ माणसं गेली. तेव्हा भिंतीला पाणी जायला भोकं हवीत, आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी दर दीड-दोन मीटरवर, आणि भिंतीमागे फूटभर जाडीचा दगड-खडीचा थर, म्हणजे माती भोकात येऊन बसत नाही. कॉन्ट्रॅक्टर भोकं ठेवतो आणि मागे थेट चिखल भरतो, ते उभं राहून बघावं लागतं. पाच-सहा फुटांच्या वर भिंत गेली की डिझाइन करून घ्या, गवंड्याच्या अंदाजावर नको. लहान टप्प्यांना मला आता कोकणातला गडगाच आवडतो, सुके दगड रचलेला, त्यातून पाणी सगळीकडून निघून जातं. तारेच्या जाळीतले दगड, गॅबियन, तेही चांगलं काम करतात.

उताराच्या मातीला वाळा (खस गवत) लावा. एक-एक वीत अंतरावर, उताराला आडव्या ओळीत, पहिल्या दोन पावसांनंतर. मुळं सरळ खाली जातात, खूप खोल. घायपात, निरगुडी, गिरीपुष्प पण चालतात. लॉनचे गालिचे मात्र पहिल्याच पावसात गुंडाळले जाऊन खाली जातात, हेही आमच्याकडे करून झालंय.

पावसाळ्यात काय बघायचं

दरडीखाली गेलेली तीन गावं आठवा: माळीण ३० जुलै २०१४, तळिये २२ जुलै २०२१, इर्शाळवाडी १९ जुलै २०२३. तिन्ही जुलैत, तिन्ही सलग मोठ्या पावसात. माळीणनंतर डोंगरावर मशीनने केलेल्या सपाटीकरणावर खूप चर्चा झाली. तुमच्या प्लॉटवर कटिंगच्या माथ्यावर जमिनीला भेग दिसली, झाडं किंवा कुंपणाचे खांब खाली कलले, झऱ्याचं स्वच्छ पाणी एकदम गढूळ झालं किंवा चालू झरा बंद पडला, तर सामान गोळा करत बसू नका, माणसं घेऊन आडव्या दिशेने बाहेर पडा आणि मग तहसीलला फोन करा. फोन नंबर आधीच भिंतीवर लिहून ठेवा, तिथे रेंज आणि वीज दोन्ही एकदमच जातात.

आमचं काय झालं ते सांगून टाकतो. मामांच्या खाचरातला मुरूम माणसं लावून उचलून दिला, त्या वर्षीच्या भाताचे पैसे दिले, त्यांनी निम्मेच घेतले. पुढच्या एप्रिलला मैदान मोडून तीन टप्पे केले आणि सांडवा परत उघडला, तो नेमका कुठे होता ते मामांनीच काठीने रेघ मारून दाखवलं. आता ऑक्टोबरात जाऊन गाळखड्डा उपसतो, निघालेली माती घमेल्याने वर नेऊन आंब्याच्या आळ्यात टाकतो. पहिल्या वर्षी खड्डा काठोकाठ भरलेला होता. गेल्या वर्षी गुडघ्याइतकाच गाळ निघाला आणि मामा म्हणाले, "यंदा आमच्याकडं गाळ आला न्हाई तुमचा, वाईच खत होत होतं त्याचं."